कोऱ्या कापडाचा वास

आषाढातल्या एका दुपारी मी गॅलरीत बसून गोधडी उसवत होते. भाचीच्या बाळासाठी शिवलेली, दीड हात रुंद आणि दोन हात लांब. वर पिवळ्या हत्तींचं छापील सुती कापड, खाली पांढरी मलमल, मध्ये वडिलांच्या जुन्या धोतराचा थर. बारशाच्या आदल्या रात्री भाचीनं ती उलगडली, नाकाशी नेली आणि काही न बोलता खुर्चीच्या पाठीवर ठेवली. सकाळी म्हणाली, "मावशी, रॉकेलचा वास येतोय गं. बाळाच्या अंगाखाली कशी घालू?"

तो वास मला दुकानातच जाणवला होता. "नवा माल आहे, एक धुणं झालं की जातो," असं विकणाऱ्यानं सांगितलं. बारसं जवळ आलं होतं, म्हणून मी ते एक धुणंही टाळून सरळ कात्री लावली. नंतर गोधडी दोनदा धुतली. वरच्या हत्तींचा वास कमी झाला, पण आतल्या धोतरानं तो पिऊन घेतला होता. हवा दमट झाली की तोच वास पुन्हा वर यायचा. उसवण्यावाचून इलाज राहिला नाही.

त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय 'गंध'. अत्तरं, मोगरा, पहिला पाऊस यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी म्हटलं, मला कोऱ्या कापडाच्या वासाबद्दल लिहायचं आहे. तो कुठून येतो ते बघायचं आहे, आणि तो काढायचा कसा हेही शोधायचं आहे. कारण मला ठाऊक असलेल्या निम्म्या घरांत हल्ली गोधडी नव्या कापडाची शिवली जाते, आणि नव्या कापडाशी कसं वागायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

जुनेर होतं तेव्हा

आपली गोधडी मुळात नव्या कापडाची नव्हेच. कोल्हापूर-सांगलीकडं तिला वाकळ म्हणतात. ती जुनेराची. आईचं लुगडं, आजोबांचं धोतर, फाटलेली चादर. दहा-दहा वर्षं नदीवर आपटलेलं, उन्हात वाळलेलं, अंगावर झिजलेलं कापड. त्यात ना खळ उरलेली असायची ना रंगाचा जास्तीचा कण. तान्ह्या बाळाला नवं कापड घालायचं नाही, जुन्या सुती कापडाचं दुपटं करायचं, ही घरोघरची रीत होती. तिच्यामागं कुणी काहीही कारण सांगत असो, बाळाच्या कातडीला लागणारं कापड शेकडो पाण्यांतून गेलेलं असे, एवढं खरं.

आता जुनेर घरात फारसं उरलेलं नाही. रोजच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या झाल्या, त्यांची वाकळ घाम शोषत नाही आणि सुईखाली निसटते. म्हणून कटपीस, मीटरवर घेतलेले छापील तागे, किलोवर विकल्या जाणाऱ्या चिंध्या. शहरात हौसेनं गोधडी शिवणाऱ्या बायका तर रंग जुळवून नवंच कापड आणतात. त्यात वाईट काही नाही. मात्र जे काम आधी वर्षानुवर्षांच्या वापरानं आपोआप होत होतं, ते आता शिवणारीनं हातानं करायचं आहे.

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात वाकळा शिवून देणाऱ्या एका आक्कांकडं मी गेले. ओसरीवर वाकळ अंथरलेली, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि कडेकडेनं सुरू केलेला धावदोरा मध्याकडं सरकत चाललेला. गिऱ्हाइकानं आणून दिलेलं नवं कापड त्यांनी हातात घेतलं की पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ते चुरगाळून मुठीत दाबतात, मूठ उघडतात आणि वास घेतात. मुठीच्या उबेनं दडलेला वास वर येतो. मग ते बादलीत जातं.

"नव्याची वाकळ शिवायची तर आधी त्येचं नवंपण काढाय लागतंय," आक्का म्हणाल्या. "न्हाईतर सुईला बी सोसत न्हाई आन् अंगाला बी."

सुईचं त्यांनी मला दाखवलंच. न धुतलेल्या कापडात सुई खुपसताना कर्र असा बारीक आवाज येतो, अंगठ्याला जोर लागतो. तेच कापड दोन पाण्यांतून काढल्यावर सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. खळ आणि वरचा लेप धाग्यांमधल्या फटी बुजवतो, म्हणून सुई अडते. आणि जिथं सुई अडते तिथं वासही अडकलेला असतो, हे मला नंतर कळलं.

मी माझी चूक सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत गेलेला वास पाण्याला घावत न्हाई, बाई." थर एकमेकांवर दाबून शिवल्यावर पाणी मधल्या थरात शिरतं खरं, पण तिथून वाहून निघत नाही. भिजलेली वाकळ पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाळत नाही, आणि तेवढ्यात आत कुबटपणा धरतो. म्हणजे एक वास काढायला जावं आणि दुसरा पदरात पडावा. शिवाय नवं सुती कापड आटतं. वरचं आटलं, आतलं जुनेर आटलं नाही, तर टाक्यांत सुरकुत्या गोळा होतात. म्हणून कात्री लावण्याआधी प्रत्येक थर वेगवेगळा धुवायचा, यात सवलत नाही.

सायझिंगच्या वाफेत

शिरोळहून इचलकरंजी जवळच. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार घोरपडे सरकारांच्या आश्रयानं गाव मागांचं झालं. आज रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू येते. मला मात्र मागांच्या आधीची पायरी बघायची होती, सायझिंग.

एका कारखान्यात ओळखीनं आत जायला मिळालं. दार उघडताच वाफ आणि वास एकदम अंगावर आला, आणि तो ओळखीचा निघाला. कुरडयांचा चीक शिजताना घरभर पसरतो तोच. मोठ्या भांड्यात वाफेवर स्टार्चची खळ शिजत होती. त्यात थोडं तेलकट मऊपणा देणारं द्रव्य, थोडा कृत्रिम डिंक. हजारो ताण्याचे धागे चादरीसारखे शेजारीशेजारी पसरून त्या खळीत बुडत होते, पिळून निघत होते, तापलेल्या रुळांवर वाळत होते आणि पलीकडं बीमवर गुंडाळले जात होते. ताण्याला खळ लावली नाही तर मागावर फणीच्या घासण्यानं तो तुटून जाईल. बाण्याला तेवढा मार बसत नाही, म्हणून त्याला खळ नाही. कोऱ्या कापडाला एका दिशेनं जास्त कडकपणा असतो तो यामुळंच.

"हा वास कापडाबरोबर घरी येतो का?" मी विचारलं.

"ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कापडात खळ असतेच, ताई," तिथल्या जुन्या कामगारानं सांगितलं. "प्रोसेसला गेलं की आधी तीच काढतात, त्याशिवाय रंग धरत नाही. पण मांजरपाट म्हणून सरळ बाजारात गेलं, तर मग काढायचं काम तुमच्याकडं."

गोधडीच्या अस्तराला आपण मांजरपाटच आणतो. स्वस्त, दणकट, पिवळसर, अंगावर सरकीच्या टरफलांचे तपकिरी ठिपके. त्यात कापसाचं स्वतःचं मेण असतं, मागाच्या तेलाचे शिंतोडे असतात आणि ही खळ. कोरडं असताना त्याला धान्याच्या कणगीसारखा सौम्य वास येतो, तो काही वाईट नाही. पण खळ म्हणजे शेवटी पिठूळ अन्न. दमट गोदामात महिनाभर पडलं की तिच्यावर बुरशी बसते आणि तेलकट भाग खवट होतो.

खळीचा हा दोष जुना आहे, आणि मुंबईच्या बाजाराशी त्याचं नातंही जुनं आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापूस महाग झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी सुतात बचत करून खळीत चिनी माती भरायला सुरुवात केली. कापड वजनदार लागायचं, धुतलं की विरायचं. टॉडमॉर्डन गावच्या विणकरांनी त्या धुळीनं छाती भरते अशी तक्रार केली आणि १८७२ साली त्यावर सरकारी डॉक्टरचा अहवाल निघाला. तेच कापड जहाजांतून हिंदुस्थानात आणि चीनकडं यायचं, आणि पेट्या उघडल्या की आत बुरशी. बुरशी लागू नये म्हणून मग खळीत झिंक क्लोराइड घालायला लागले. म्हणजे भरताड झाकायला रसायन, आणि तो सगळा ऐवज गिऱ्हाइकाच्या अंगावर. मला या इतिहासात आजच्या स्वस्त कापडाची सगळी गोष्ट दिसते. आजही काही प्रोसेस झालेल्या कापडाला शेवटच्या पायरीवर पुन्हा खळ देतात, म्हणजे ते दुकानात भारी आणि कडक लागावं. दोन बोटांत धरून चोळा, पांढरी भुकटी झडली तर तुम्ही सुताच्या भावानं पीठ घेत आहात.

नाकाला ठाऊक असलेले शब्द

पुण्यातल्या रविवार पेठेत, कापडगंजात मी दोन दिवस हिंडले. ताग्यामागून तागा उलगडायला लावून वास घेत होते. एका वयस्कर व्यापाऱ्यांना मी काय करते आहे ते कळलं, आणि त्यांनी नोकराला सांगून मागच्या खोलीतले तागेही काढायला लावले. त्यांच्याशी बोलताना जाणवलं की आपल्या भाषेनं हे काम आधीच करून ठेवलेलं आहे. आपण 'वास येतो' एवढ्यावर थांबत नाही. कुबट, खवट, आंबूस, ओशट, उग्र, करपट असे वेगवेगळे शब्द आपल्याकडं आहेत, आणि प्रत्येकाच्या मागं वेगळं कारण आहे. कोणता शब्द तोंडात येतो ते नीट ऐकलं तर उपाय अर्धा सापडतो.

कुबट म्हणजे बुरशी. बंद खोली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तागा, पावसाळा. बुरशी वाढताना जी वायुरूप द्रव्यं सोडते त्यांतली काही आपलं नाक अगदी नगण्य प्रमाणातही टिपतं, म्हणून डाग दिसत नसला तरी वास येतो. आंबूस म्हणजे खळ आंबलेली. डोशाच्या पिठासारखीच ती गोष्ट, फक्त इथं ती नको आहे. खवट म्हणजे तेल.

ओशट, माशासारखा वास मला आधी कळेना. कोरडं सुती कापड, त्याला मासळीचा वास का यावा? सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडाला जे रेझिन लावतात, त्यातल्या नायट्रोजनयुक्त घटकांपासून काही वेळा अमाइन नावाची संयुगं तयार होतात. लेप भट्टीत नीट पक्का झाला नाही, किंवा नंतर धुतला नाही, तर ती कापडात राहतात. शिळ्या मासळीचा वास ज्यामुळं येतो तेही अमाइनच. कोकणातली बाई बांगड्याला लिंबू नाहीतर आगळ चोळून ठेवते, कारण आम्लामुळं अमाइनचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. ओशट वासाच्या कापडाला व्हिनेगरचं पाणी लागू पडतं ते याच कारणानं.

सडक्या अंड्यासारखा वास बहुधा गडद काळ्या कापडाचा. स्वस्त काळा रंग पुष्कळदा गंधकाच्या जातीचा असतो. हे कापड न धुता वर्षानुवर्षं ठेवलं तर त्यात आम्ल तयार होऊन धागाच कुजतो, म्हणून ते वासासाठी नाही तरी टिकण्यासाठी धुवावंच.

आणि रॉकेल. माझ्या पिवळ्या हत्तींचं कोडं त्या व्यापाऱ्यांनी उलगडलं. छपाईचे दोन मोठे प्रकार. एकात रंग धाग्याच्या आत शिरून त्याच्याशी जोडला जातो, मग उरलेला रंग धुऊन काढावाच लागतो. दुसऱ्यात रंगाची पूड चिकटद्रव्यानं कापडाच्या वर बसवतात, तो पिगमेंट प्रिंट. त्यात छापायची लापशी घट्ट व्हावी म्हणून पूर्वीपासून रॉकेल आणि पाणी घुसळून लोण्यासारखा घोळ करत. आता त्याऐवजी कृत्रिम घट्टके आली आहेत, पण जुनी रीत सगळीकडून गेलेली नाही. छापल्यावर कापड साधारण दीडशे अंश सेल्सियसला काही मिनिटं तापवायचं, म्हणजे रॉकेल उडून जातं आणि चिकटद्रव्य पक्कं होतं. घाई केली, भट्टीचा वेग वाढवला, की दोन्ही अर्धवट राहतात. असं कापड ओल्या पांढऱ्या रुमालानं घासलं की रुमालाला रंग लागतो. वास आणि निघणारा रंग ही एकाच घाईची दोन लक्षणं.

पिगमेंट प्रिंट स्वस्त पडतो त्याचं एक मोठं कारण असं की छापल्यावर तो धुवावा लागत नाही. पाणी वाचतं, वाफ वाचते, वेळ वाचतो. कारखान्यानं वाचवलेलं ते धुणं आपल्या बादलीत येतं.

डोळ्यांना झोंबतो तो

वासांपैकी ज्याला मी सर्वांत गंभीर समजते तो फारसा घाणेरडा नसतो. नवं शर्टिंग, नव्या चादरीचा संच, 'इस्त्री नको' म्हणून विकलं जाणारं कापड उघडलं की एक तीक्ष्ण, दवाखान्यासारखा दर्प येतो, डोळ्यांत किंचित पाणी येतं. तो फॉर्मल्डिहाइडचा. सुरकुतीरोधक रेझिन त्यापासून बनतात. दमट हवेत आणि उष्णतेत हे रेझिन थोडं थोडं फुटून तो वायू सोडत राहतं. म्हणून असं कापड इस्त्रीखाली जास्त झोंबतं.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा निर्णय प्रामुख्यानं श्वासातून, कामाच्या जागी जास्त प्रमाणात जाणाऱ्या वायूबद्दलचा होता. कापडातून होणारा नेहमीचा त्रास म्हणजे खाज, पुरळ, कातडीची ॲलर्जी. घाबरून जायला नको, पण दुर्लक्षही नको. जपाननं १९७३ च्या कायद्याखाली दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळजवळ नसलंच पाहिजे अशी मर्यादा घातली. अंगाला लागणाऱ्या कापडासाठी ७५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७५ भाग, ही मर्यादा अनेक ठिकाणी मानली जाते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१० च्या अहवालासाठी १८० वस्तू तपासल्या. बहुतेकांत हे रसायन अगदी कमी किंवा मोजता येऊ नये इतकं होतं, १० वस्तूंत ते ७५ पीपीएमच्या वर निघालं.

प्रयोगशाळेत याची एक साधी चाचणी आहे. बंद बरणीत तळाला पाणी, वर कापडाचा तुकडा टांगलेला, ४९ अंशांवर वीस तास. मग पाण्यात किती रसायन उतरलं ते मोजतात. घरी मोजता येत नाही, पण बरणीची युक्ती वासासाठी वापरता येते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत कापडाचा हातभर तुकडा आणि एक ओला रुमाल वेगवेगळे राहतील असे ठेवा, बरणी रात्रभर उबेत ठेवा. सकाळी झाकण उघडून हातानं हवा नाकाकडं ओढून बघा, नाक बरणीत खुपसू नका. दुकानात न जाणवलेला वास इथं हमखास कळतो. मी आता पाच मीटर घेण्याआधी पाव मीटर घेते आणि ही चाचणी करते.

मोकळं फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतं, त्यामुळं धुण्यानं ते पुष्कळ कमी होतं. रेझिन मात्र धाग्याला जोडलेलं असतं, ते धुऊन जात नाही. तीन धुण्यांनंतरही डोळ्यांना झोंबत असेल तर ते कापड गोधडीचं नव्हे. त्याची बाजाराची पिशवी करा. हे मी कंजूषपणा बाजूला ठेवून सांगते आहे.

बादलीतलं काम

उसवलेल्या हत्तींवर मी काय काय केलं ते सांगते, कारण त्यात चुकाही आहेत.

पहिल्यांदा पाणी नाही, हवा. रॉकेल पाण्यात विरघळत नाही, पण उडून जातं. दोरीवर एकेरी पसरून, सावलीत, वाऱ्यावर, तीन दिवस. घडी घालून उन्हात ठेवलेल्या तुकड्याचा वास गेलाच नाही, कारण आतल्या घडीपर्यंत वारा पोचत नव्हता. मग कोमट पाण्यात साबणाची पूड, अर्धा तास, हलक्या हातानं. साबण तेलकट कण पाण्यात सोडवतो, नुसतं पाणी ते करू शकत नाही. उकळत्या पाण्यानं काम लवकर होईल असं वाटून मी एक तुकडा तसा धुतला, तेव्हा हत्तींच्या सोंडा फिक्या झाल्या. पिगमेंट प्रिंटला उकळतं पाणी आणि जोरानं घासणं दोन्ही मानवत नाही. तीन धुणी झाल्यावर वास गेला. प्रत्येक वेळी पाणी बदललं आणि दुसरे कपडे त्यात घातले नाहीत, रॉकेल सगळ्यांना लागतं.

मांजरपाटाचं वेगळं. त्याला साधं पाणी आणि एक रात्र. पाण्यात चिकट, दुधी थर उतरतो. सकाळी चोळून दोनदा खंगाळायचं. रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये, खळ आंबायला लागते आणि आंबूस वास नव्यानं चढतो. पूर्वी गिरण्यांत मुद्दाम असं आंबवूनच खळ काढत. आता अमायलेज नावाचं विकर वापरतात. खळ पूर्ण गेली का हे बघायला औषधाच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन थोडं पातळ करून कोपऱ्यावर थेंबभर टाकावं. निळंजांभळं झालं तर अजून आहे. नंतर धुण्याचा सोडा घातलेलं कडकडीत पाणी, म्हणजे मेण, तेल आणि खवटपणा जातो. परटाच्या भट्टीत सोडा आणि वाफ हेच काम करत असत, म्हणून भट्टीच्या कपड्यांना कसलाच वास नसे.

ओशट वासाला बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा तास, मग साधं पाणी. आंबूस वासाला उलट, खाण्याचा सोडा, मूठभर. इथं एक गैरसमज आवर्जून दूर करते. दोन्ही चांगले म्हणून एकत्र घालू नका. फेस खूप येतो, पण तो दोघांनी एकमेकांना संपवल्याचा फेस असतो, मागं बेचव खारं पाणी राहतं. आणि व्हिनेगर व ब्लीच कधीही, कुठल्याही प्रमाणात एकत्र आणायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

मीठ आणि तुरटी वासासाठी निरुपयोगी. कुबट कापड आधी घराबाहेर झटकायचं, मग गरम साबणपाणी, मग कडक ऊन. उन्हाला पर्याय नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवलं की ओला टॉवेल उन्हात वाळताना त्यावर काही नवी सुवासिक संयुगं तयार होतात, सावलीत वाळलेल्यावर ती तशी सापडत नाहीत. आपण ज्याला उन्हाचा वास म्हणतो तो खरोखर असतो. निळीचं आणि गडद रंगाचं कापड मात्र उलटं करून वाळवावं.

सुगंधी कंडिशनरनं वास झाकू नये. तो धाग्यावर स्निग्ध थर बसवतो, कापड पाणी आणि घाम कमी शोषतं, आणि खालचा वास जागेवरच राहतो.

दूध, एरंडेल, चिखल

हातानं छापलेल्या किंवा रंगवलेल्या कापडाला वेगळा नियम लावायला हवा. श्रीकाळहस्तीच्या कलमकारीचं कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवतात, काळा रंग लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून करतात. कच्छच्या अजरखसाठी कापड एरंडेल, खार आणि उंटाच्या लेंड्यांच्या घोळात मळलं जातं. राजस्थानातल्या दाबू छपाईत चिखल, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ. या कापडांना दुधाचा, मातीचा, आंबवणाचा वास असतो. दोन सौम्य धुण्यांत तो उतरतो. त्यांना सोडा किंवा व्हिनेगर लावू नये, वनस्पतींचे रंग दोन्हींनी बदलतात. रिठ्याचं पाणी बरं.

माझ्याकडच्या कलमकारीचा वास पहिल्या पाण्यानंतरही थोडा राहिला आणि मी तो राहू दिला. तो वास मला लपवून ठेवलेल्या गोष्टीचा वाटला नाही.

डांबरगोळ्या

शेवटचा मुद्दा नव्या वासाचा नाही, आपणच घातलेल्या वासाचा आहे. कापड आणलं, शिवायला सवड नाही, म्हणून ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलं. पुष्कळ डांबरगोळ्या नॅप्थलिनच्या असतात, आणि नॅप्थलिनची वाफ सुती कापडात खोल मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांतले कपडे घातले, दुपट्यात गुंडाळलं, की तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. हे वैद्यकशास्त्रात कित्येक दशकं नोंदलेलं आहे. बाळात ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीत नसतं.

आक्कांच्या ट्रंकेत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला होता. वास त्यालाही येतो, पण कापड झटकलं की जातो. मी आता तसंच ठेवते, आणि दर महिन्याला घड्या मोडून गॅलरीत वारा देते.

हत्तींची गोधडी श्रावणात पुन्हा शिवून झाली. धोतराचा जुना थर टाकून दिला, तो वास सोडायला तयार नव्हता. त्याजागी आईच्या सुती लुगड्याचा तुकडा घातला. भाचीनं ती हातात घेतल्यावर पुन्हा नाकाशी नेली, आणि मग बाळाखाली अंथरली.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा घराघरांत दिवाळीचं कोरं कापड आलेलं असेल. त्यातलं काही उरेल, आणि थंडी पडायला लागली की कुणाला तरी गोधडीची आठवण होईल. येणाऱ्या बाळासाठी ती शिवणार असाल तर एवढं कराच. कापड मुठीत दाबून वास घ्या, तो कुठल्या जातीचा ते ओळखा, प्रत्येक थर वेगळा धुवा, उन्हात वाळवा आणि त्यानंतरच कात्री हातात घ्या. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्या आजच बाहेर काढा.